खांद्याची शिवण

गोखले नाक्यावर मागून कुणीतरी "सहदेवा!" अशी हाक मारली आणि मी ओ दिली. सहदेव माझा मोठा भाऊ. त्याला जाऊन चार वर्षं झाली. ओ देण्याआधी माणूस विचार करतो की नाही, मला माहीत नाही. माझ्या बाबतीत बहुतेक गोष्टींच्या आधी इतका विचार होतो की ती गोष्ट करायचीच राहून जाते. पण त्या दुपारी, हातात कोथिंबिरीची जुडी धरून, मी त्याच्या नावाला चटकन वळलो. स्वतःच्या नावाला मी इतका चटकन वळत नाही. "राजेंद्र" अशी हाक आली तर मी आधी आजूबाजूला बघतो. दुसरा कुणी राजेंद्र असेल तर त्याला संधी मिळावी म्हणून.

हाक मारणारा म्हातारा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. रुंद, काळाभोर, मनगटावर फिकट झालेला नांगर गोंदलेला. डोळे माझ्याकडे होते, पण माझ्यावर नव्हते. माझ्या छातीच्या आसपास कुठेतरी फिरत होते. "मेल्या, वळखलंस नाय? आनंदा मी. मांडवीचा आनंदा!" मग त्यानं माझा हात धरून मला खाली पायरीवर बसवलं. "तोंड दिसत नाय रे मला. मोतीबिंदू पिकलाय. पण शर्ट दिसला. असा पोपटी शर्ट आख्ख्या रत्नागिरीत दोघांचाच. माझा कवाच फाटला. तुझा अजून हाय!"

तिथं सांगायला हवं होतं. सांगण्यासारखं होतंही फारसं काही नाही, दोन वाक्यं. पण मी म्हटलं, "होय. अजून आहे." आणि माझा आवाज मोठा आला. सहदेव बोटीवर होता, खलाशी. इंजिनाच्या आवाजावर चढवून बोलायची सवय त्याला घरीही सुटली नाही. तो आवाज माझ्या गळ्यात कुठून आला कोण जाणे. आनंदा खूश झाला. माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "इतकी वर्षं लांज्याला लेकीकडं होतो. कुणाची खबर नाय नि काय नाय. आता सोमवारी डोळा करणार हायत. पट्टी सुटली की ये. बायकोच्या आधी तुझं थोबाड बघीन. पण हाच शर्ट घालून ये, नायतर वळखायचो नाय." मी म्हटलं, येतो. "येतो म्हंजे? शपथ?" "शपथ," मी म्हटलं. त्याच मोठ्या आवाजात. थोडं पुढे गेल्यावर लक्षात आलं की कोथिंबीर मी पायरीवरच विसरलो होतो. मागे जायचं धाडस झालं नाही. वाईट याचं वाटलं की त्या पाच मिनिटांत मला बरं वाटलं होतं. पाठ ताठ झाली होती.

घरी आलो तर माझं लोखंडी कपाट रिकामं आणि पलंग भरलेला. पाऊस सरला की आमच्याकडे कपड्यांना ऊन दाखवावंच लागतं. चार महिन्यांच्या ओलीनं घडीघडीत बुरशी धरते, काळ्या पँटीवर पांढरे ठिपके येतात. दरवर्षी प्रेमला, म्हणजे माझी बायको, हे काम कटकट करत उरकते. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमची नात आली होती, संस्कृती, आमची लेक आम्रपाली, तिची मुलगी. ती पुण्याला शिकते. तिनं ऊन दाखवण्याच्या कामाला भलतंच वळण दिलं होतं. "आजोबा, कपडे पुन्हा कपाटात कोंबायचे नाहीत. नीट लावायचे. आधी सगळं बाहेर काढायचं. मग एकेक हातात घ्यायचा आणि विचारायचं, हा मी आहे का?"

"कुणाला विचारायचं?" मी म्हटलं.

"अहो, स्वतःला."

"शर्टालाच विचार," प्रेमला गच्चीवरून आत येत म्हणाली. "यांच्यापेक्षा जास्त बोलेल."

संस्कृतीनं तीन ढीग मांडले होते. ठेवायचे, द्यायचे, नक्की नाही. ठेवायच्या ढिगात रंग जुळवायचे. थोडेच कपडे, पण प्रत्येक वरचा प्रत्येक खालच्यावर चालला पाहिजे. त्यातून माणसाची एक स्टाईल दिसते, असं ती म्हणाली. मी पस्तीस वर्षं वाचनालयात काढली. पुस्तकं विषयवार लावणं हे माझं काम, आणि ते मला बऱ्यापैकी येत असावं असं मला पूर्वी वाटायचं. कुठलंही पुस्तक हातात आलं की त्याची जागा मला आपोआप कळायची. शेजारी कोण हवं, कोण नको, तेही. पण त्या पलंगासमोर मी उभा राहिलो आणि मला काहीच कळेना. उन्हाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. मोठमोठ्या कॉलरचे, चौकटीचे, उभ्या रेघांचे, एक मोरपंखी, दोन विटकरी. हे सगळे मी घातले होते. वर्षानुवर्षं. आता ते असे उताणे पडले होते आणि त्यांतल्या एकाचीही बाजू घ्यावी असं मला वाटत नव्हतं. मला फक्त बसावंसं वाटत होतं, पण बसायची जागा त्यांनीच घेतली होती.

"तुम्हाला कुठला रंग आवडतो, आजोबा?"

हा प्रश्न मला कुणी विचारल्याचं आठवेना. मी विचार करू लागलो आणि विचार करता करता संस्कृती पुढच्या शर्टाकडे गेली. "हा कुणी घेतलेला?" सहदेवनं. "हा?" तोही. "हा विटकरी?" त्याचाच. खोक्यातले, टाचण्यासुद्धा न काढलेले तीन आम्रपालीनं दिलेले. पांढरे सगळे पौर्णिमेला आणि जयंतीला विहारात जाताना घालायचे. ते प्रेमला घेते, त्यात निवडायचं काय. "मग तुम्ही स्वतः घेतलेला कुठला?" संस्कृतीनं हे सहज विचारलं. तिच्या हातात हँगर होता, तो तिनं तसाच धरून ठेवला. प्रेमला हसली. "लग्नातली पँटसुद्धा मोठ्या भावोजींची होती यांची. कमरेला आतून पिना. रजिस्टरवर सही करायला वाकले तर एक सुटली. मला वाटलं, माणूस रडतोय."

मी रडत नव्हतो. पिन टोचली होती. पण तेव्हा ते सांगता आलं नाही आणि आता इतक्या वर्षांनी सांगून उपयोग नव्हता.

सहदेव माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा तो मुंबईला गेला आणि मग बोटीवर. वर्षा-दोन वर्षांनी यायचा, गोणपाटाची मोठी पिशवी घेऊन, आणि पिशवीतून शर्ट निघायचे. घातलेले, कॉलरवर घामाचा पट्टा असलेले. आमची आई ते माझ्या खांद्याला लावून बघायची. शिवण माझ्या दंडावर यायची. "वाढशील त्यात," ती म्हणायची. मी वाढायची वाट बघितली. खरोखरच बघितली. दाराच्या चौकटीला पाठ लावून बघितली. मग एका वर्षी कळलं की जेवढं व्हायचं तेवढं झालं आहे. तोवर शर्ट येतच होते. वाचनालयात पहिल्या दिवशी मी उभ्या रेघांचा शर्ट घालून गेलो तेव्हा मोठे ग्रंथपाल चष्म्यावरून बघून म्हणाले, "तुम्ही आत आहात ना?" सगळे हसले. मीही हसलो. पुढं कितीतरी वर्षं कुठंही आत जाताना मला तेच वाक्य ऐकू यायचं.

"हे बघ, हे सगळे द्यायचेच," प्रेमला म्हणाली. "गंगा भांडी घासायला येते, तिच्या नवऱ्याला होतील."

"नाही," मी म्हटलं.

फार मोठ्यानं म्हटलं असावं. दोघी माझ्याकडे बघू लागल्या. संस्कृती म्हणाली, "आजोबा, अहो चांगले आहेत, वापरले जातील." मी पुन्हा म्हटलं, नाही. कुणालाही उतरलेला कपडा द्यायचा नाही. मग मला खाली बसावंच लागलं, ढिगांच्या कडेला, आणि सांगावं लागलं. तिच्या पणजोबांची गोष्ट. ती मी पाहिलेली नाही, मी तेव्हा दोन-तीन वर्षांचा असेन, आईकडून ऐकलेली. छप्पन्न सालाच्या आधी गावात आमच्या घरी नवा कपडा यायचाच नाही. खोताच्या घरचे उतरलेले यायचे, शिमग्याला, आणि कुणी मेलं की त्याचे. तो आमचा हक्क मानला जायचा. हक्क म्हणत त्याला. धर्म बदलला त्या हिवाळ्यात आमच्या वडिलांनी घरातले ते सगळे कपडे गोळा केले, ओढ्यावर नेऊन धुतले, वाळवले, घड्या घातल्या आणि खोताच्या अंगणाच्या पायरीवर नेऊन ठेवले. परत आले ते लंगोटीवर. मग मुंबईहून एका नातेवाइकानं मांजरपाटाचं कापड पाठवलं, त्याचा एक पांढरा सदरा शिवला. तो रोज रात्री धुवायचा, सकाळी घालायचा. या घरात उतरलेला कपडा येणार नाही, असं ते म्हणाले होते.

संस्कृती ऐकत होती. नंतर हळूच म्हणाली, "मग तुम्ही?"

"ते भावाचे होते," मी म्हटलं.

सहदेवनं पहिल्यांदा पिशवी आणली तो दिवस मात्र मी पाहिलेला आहे. वडिलांनी शर्ट हातात घेतला आणि कॉलरच्या आतून बोट फिरवलं. बोट बघितलं. "घातलेला हाय," ते म्हणाले. आई चुलीकडून म्हणाली, "भावाचा हाय. भावाचा कपडा उतरलेला नसतो." सहदेव गप्प उभा होता, त्याच्या तोंडावर काहीतरी आलेलं दिसलं, पण वडिलांसमोर तोही बोलायचा नाही. वडील शर्ट खाटेवर ठेवून बाहेर गेले. त्यांनी मला तो घालू नकोस असं कधी म्हटलं नाही. मी घातला की माझ्याकडे बघायचे नाहीत, इतकंच. ते वारले तेव्हा माझ्या अंगात सहदेवचा चौकटीचा शर्ट होता.

आणि सहदेव गेला तेव्हा मी काहीच पाहिलं नाही. ते साथीचे दिवस होते. कल्याणला त्याच्या घरून फोन आला, झालं म्हणून. त्याचं तोंड कुणालाच बघायला मिळालं नाही, वहिनीलासुद्धा नाही. पुढं गाड्या सुरू झाल्यावर तिनं बसनं दोन पिशव्या पाठवल्या. त्याचे कपडे. मला वाटतं, माझ्याकडे तो तसाच आला नेहमीसारखा, पिशवीतून. पोपटी शर्ट त्यातलाच.

त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत आनंदाचा विचार मनातून गेला नाही. सोमवारच्या आधी जाऊन सांगून यायचं, असं मी ठरवलं. डोळा व्हायच्या आधी सांगितलेलं बरं. उजेडात पहिली बातमी ही नको. शनिवारी निघालो आणि मांडवीच्या रस्त्यावरून परत आलो. रविवारी चप्पल घातली आणि काढली. माझं हे नेहमीचं आहे. तोपर्यंत तीन ढीग पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून कपाटावर गेले होते. संस्कृती पुण्याला गेली, जाताना म्हणाली, "आजोबा, 'नक्की नाही'चाच ढीग सगळ्यात मोठा झालाय." मी म्हटलं, होय, तो मी आहे. ती हसली. मी विनोद केला असं तिला वाटलं.

सोमवार गेला. मंगळवारी पट्टी सुटली असणार. बुधवारी मी पांढरा सदरा घातला आणि पोपटी शर्ट घडी घालून कापडी पिशवीत ठेवला. प्रेमला म्हणाली, "आज कुठली पौर्णिमा?" तिला मी सगळं सांगितलं होतं. तिनं पिशवीत डोकावून बघितलं आणि शर्टाची कॉलर सरळ केली.

मांडवीला समुद्राकडच्या अंगाला त्यांचं घर. दारात जाळ्याची थप्पी, आत टीव्ही चालू. आनंदा काळा चष्मा लावून खाटेवर बसला होता आणि त्याची बायको बकुळा जमिनीवर बसून सुक्या कोलंबीचे सोडे निवडत होती. मी दारात उभा राहिलो. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघितलं. आधी छातीकडे, पांढऱ्या सदऱ्याकडे. मग सावकाश वर तोंडाकडे. इतकं नीट माझ्याकडे बऱ्याच वर्षांत कुणी बघितलं नव्हतं.

"कोण तुमी?"

"राजेंद्र," मी म्हटलं. "सहदेवचा धाकटा भाऊ."

"अरे, या, या. नि तो कुठं हाय? त्यानं शपथ घेतलेली."

"तो नाही. चार वर्षं झाली. साथीत गेला."

बकुळावहिनींनी टीव्ही बंद केला. मग एकदम समुद्राचा आवाज घरात आला. आनंदा म्हणाला, "मग नाक्यावर?"

"तो मी होतो."

मला वाटलं, आता हाकलून देईल. आणि खरं तर तेच व्हावं, वळून चालू लागावं, असं वाटलं. "आंधळा बघून चेष्टा केलंस माझी?" तो म्हणाला. मी म्हटलं, नाही. "मग काय केलंस?" मी म्हटलं, "तुम्ही हाक मारलीत. मला ओ द्यावीशी वाटली." त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. बकुळावहिनी म्हणाल्या, "डोळ्यात पाणी आणू नका हो, डाक्टरनी सांगितलंय." "गप गो," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "आवाज चांगला काढलंस पण. मी फसलो म्हंजे बघ."

चहा आला. मी कपाच्या तळापर्यंत बघत बसलो. आनंदा चष्म्याआडून मला न्याहाळत होता. "म्हंजे तू तो पुस्तकवाला ल्हानगा. अंगानं बारीकच राह्यलास. तो आमाला सांगायचा, माझ्याएवढा झाला असंल म्हणून. त्याच मापाचे घ्यायचा."

"काय घ्यायचा?"

"शर्ट रे! दोन दोन. एक आपल्याला, एक तुला."

मी म्हटलं, "ते त्याचे घातलेले असायचे."

"घालायलाच लागायचे. नवा कपडा सापडला की कष्टमवाला धरायचा. किती नग, कुणासाठी, भर पैशे. म्हणून बंदर यायच्या आधी आठ दिवस सगळे आपापला नवा माल अंगात घालून काम करायचे. कॉलर मळली, घामाचा वास लागला, की मग तो जुना. कोण विचारतो? तुझा भाव तर मुंबैच्या उकाड्यात एकावर एक दोन घालून उभा राह्यचा. आमी हसायचो. बोलायचा, वरचा ल्हानग्याचा हाय, मळवतोय." आनंदा स्वतःच हसला. "घरी सांगितलं नाय त्यानं?"

नाही. वडिलांसमोर तो कसं सांगणार, जकात चुकवलेला माल आहे म्हणून? त्यांनी तर तो त्याच क्षणी पिशवीत भरून परत दिला असता. घातलेला सांगितला तर निदान घरात राहत होता. मी असं जुळवत गेलो. वडिलांचं ते बोट मला पुन्हा पुन्हा दिसत होतं, कॉलरच्या आतून फिरलेलं. मग मनात आलं, आनंदा हे माझी समजूत घालायला तर म्हणत नाही? एक म्हातारा दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून सहज बोलून जातो. पण ज्याच्यासमोर मी दुसऱ्याच्या आवाजात शपथ घेतली होती, त्याला "खरं का?" असं विचारायचा मला काय अधिकार होता. मी विचारलं नाही.

"शर्ट आणलंस?" त्यानं विचारलं.

मी पिशवी पुढं केली नाही. "जुना आहे. घातलेला."

"म्हायत हाय मला. दे इकडं."

मला ती अंगणाची पायरी आठवली, आणि धुऊन ठेवलेल्या घड्या. घेणार नाही, असं आमचे वडील म्हणाले होते. कुणी असा हात पुढे करून मागितलं तर काय करायचं, ते काही सांगून गेले नव्हते. मी शर्ट दिला. आनंदानं बसल्या बसल्या बनियनवरच तो चढवला. बटणं बकुळावहिनींनी लावली, दोन पोटावर लागली नाहीत. पण खांद्याची शिवण बरोबर खांद्यावर बसली. मी तीच बघत होतो. तिची जागा तिथं असते, हे मला शिंप्याच्या दुकानातल्या पुतळ्यांवर दिसायचं. या शर्टात कधी दिसलं नव्हतं.

"कसा दिसतो?" तो बायकोला म्हणाला.

"पोपट," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

घरी आलो तेव्हा ऊन गच्चीवरून उतरलं होतं. मी कपाटावरून "नक्की नाही"चा ढीग खाली काढला आणि विटकरी शर्ट उचलला. हा रंग मला आवडतो, असं वाटलं. उन्हाळ्यात खणलेल्या जांभ्या दगडाचा असतो तसा. आवडतो असं आज वाटतंय की पूर्वीही वाटायचं, ते सांगता येत नव्हतं. कॉलरच्या आतून मी बोट फिरवलं. आता तिथं काही नव्हतं, कितीतरी धुण्यांत गेलं होतं. शर्ट घालून आरशासमोर उभा राहिलो. बाह्या बोटांवर आलेल्या, शिवण दंडावर लोंबणारी. आत आहात ना?

"प्रेमला," मी म्हटलं, "हे खांदे आत घेता येतील का?"

ती दारात आली. डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "पन्नास वर्षं काय करत होतात?"

"वाढायची वाट बघत होतो."

ती हसली नाही. मशीनच्या खणातून टाचण्यांची डबी घेऊन आली, चार टाचण्या ओठांत धरल्या, आणि माझ्या मागं उभी राहून शिवण बोटांनी वर ओढली. कापड खांद्यावर आलं. एक टाचणी लावली, मग दुसऱ्या बाजूला गेली. आरशात ती दिसत नव्हती, फक्त तिचे हात दिसत होते. माझे खांदे इतके अरुंद आहेत, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"हलू नका," ती ओठ मिटूनच म्हणाली. "टोचेल."

"टोचलं तर सांगीन," मी म्हटलं.